यादीतला चोर शोधताना आमची माणसं कापू नका

मा. मुख्य निवडणूक आयुक्त, मा. राज्य निवडणूक आयुक्त, आणि सत्तेतल्या व विरोधातल्या सगळ्याच पक्षांचे नेते, कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं अशा मराठवाड्यातल्या एका गावात नोकरी केली. शाळा सांभाळून २०११ ते २०२० मी आमच्या केंद्राचा बीएलओ पण होतो, म्हणजे मतदार यादी काखेत घेऊन घरोघर फिरणारा माणूस. तेव्हा सरकारी नोकर असल्यामुळे बोलता येत नव्हतं. आता येतं म्हणून लिहितोय, आणि पत्र तुम्हाला असलं तरी सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितोय.

कारण घडलं जानेवारी २०२६ मध्ये. माझी लेक पुण्यात असते. महापालिकेच्या मतदानाला चार-पाच दिवस असताना तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका पक्षाच्या कार्यकर्त्याने पीडीएफ टाकली, वर मथळा 'आपल्या प्रभागातले बोगस मतदार', खाली नावं, वय, घर नंबर. त्यात माझ्या लेकीचं नाव, पुढे दोन चांदण्या, म्हणजे यादीतली दुबार नावाची खूण. खाली लोकांचं सुरू, पकडा यांना, गुन्हे टाका यांच्यावर. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, संतापलेली होती. म्हणाली, बाबा, तुम्ही नऊ वर्षं लोकांची नावं यादीत घातली आणि आज मी बोगस?

आता तिचं नाव दोनदा कसं आलं ते नीट सांगतो, कारण राज्यातल्या हजारो दुबार नावांमागे अशीच साधी गोष्ट असणार. लग्न झाल्यावर गावच्या यादीतलं तिचं नाव मी स्वतः फॉर्म ७ भरून कमी करून घेतलं. बाप बीएलओ होता म्हणून ते झालं. पुण्यात आधी भाड्याच्या घरात होते, तिथे नाव लागलं. २०२१ ला शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, मतदारसंघ बदलला. तेव्हा मतदारसंघ बदलला की नवीन नाव लावायचा फॉर्म ६ च भरावा लागायचा (फॉर्म ८ वर ही सोय २०२२ ला आली) आणि त्याच फॉर्मात जुना पत्ता लिहून तिथलं नाव कमी करा असं लिहून द्यायचं असायचं. तिने दिलं. नवीन नाव लागलं, नवीन कार्ड आलं, जुनं नाव तसंच राहिलं. तिने लेखी सांगितलं होतं, पुढचं काम एका कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला कळवण्याचं होतं. भाड्याच्या घराच्या केंद्रावर ती त्यानंतर एकदाही गेलेली नाही.

१५ जानेवारीला मतदानाला गेली तर चांदण्यांमुळे तिच्याकडून हमीपत्र लिहून घेतलं, की मी दुसरीकडे मत दिलेलं नाही आणि देणार नाही. ते नियमाप्रमाणे योग्यच, तिने सही केली, मत दिलं. पण मागे उभी असलेली शेजारीण दुसरीला हळू आवाजात म्हणाली, "त्या यादीतली हीच." हे तिला ऐकू आलं.

म्हणून माझी पहिली तक्रार तुम्हा सगळ्यांकडे मिळून आहे. नाव दोनदा असणं वेगळं आणि मत दोनदा देणं वेगळं. मत दोनदा देणं कायद्याने चूक, दोन्ही मतं बाद होतात. खोटं लिहून नाव लावणं हा गुन्हा, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम ३१, एक वर्षापर्यंत कैद. पण कार्यालयाने कमी न केल्यामुळे राहिलेलं नाव हा त्या माणसाचा गुन्हा नाही. मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे १ कोटी ३ लाख मतदारांमध्ये ११ लाखांच्या आसपास दुबार नोंदी निघाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून भाषणात ११ लाख बोगस मतदार सुरू झाले. अहो, नोंदी आणि माणसं यात फरक आहे ना. एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या बायका आमच्या एका गावात पाच-पाच निघतात, वडलांचं किंवा नवऱ्याचं नावही तेच निघतं, सॉफ्टवेअरला त्या सारख्या दिसतात. बरं, खरोखर एकाच माणसाच्या दोन नोंदी असतील त्यात लेकीबाळीच जास्त, एक माहेरी आणि एक सासरी. मी नऊ वर्षं यादी हाताळली, माझा अनुभव हाच. पोरगी नांदायला गेली तरी आई म्हणायची, गुरुजी राहू द्या की तिचं नाव, तेवढंच घरात आहे असं वाटतं. हे चूक होतं, मी समजावून फॉर्म भरून घ्यायचो, पण त्या आईला चोर कसं म्हणू मी.

आणि दुबार नावं आहेत याबद्दल तर तुमच्यात भांडणच नाही. १ नोव्हेंबर २०२५ ला विरोधकांनी मुंबईत सत्याचा मोर्चा काढला, दुबार नावांचे गठ्ठे दाखवले. त्याच दिवशी भाजपने गिरगावात मूक आंदोलन केलं, आणि दोन दिवसांनी पत्रकार परिषद घेऊन विरोधक जिंकलेल्या मतदारसंघातली दुबार नावं वाचून दाखवली, त्यातही एका धर्माची निवडून. म्हणजे यादी खराब आहे हे दोघांनाही मान्य, फक्त खराब भाग दुसऱ्याच्या मतदारसंघात आहे एवढंच म्हणणं. मला यात सगळ्यात जास्त राग याचा येतो की दोन्ही बाजूंच्या हातात तेच कागद होते, दोघांनी मिळून आयोगासमोर ठेवले असते तर ते काम झालं असतं.

२०२४ च्या विधानसभेचं बोलायचं तर तिथे विरोधकांनी विचारलेला प्रश्न मला रास्त वाटतो. लोकसभा ते विधानसभा या पाच-सहा महिन्यांत राज्याची यादी सुमारे ४० लाखांनी वाढली, ९ कोटी ३० लाखांवरून ९ कोटी ७० लाखांवर. आयोगाने उत्तर दिलं की सुमारे ४८ लाख नावं वाढली आणि ८ लाख कमी झाली, त्यात मोठा भाग तिशीच्या आतल्या मुलांचा. असेल. लोकसभेनंतर आमच्याकडेही नावनोंदणी जोरात होती, कॉलेजात शिबिरं लागली होती, मी बघितलंय. पण हे उत्तर प्रेसनोटने पटत नसतं. कुठल्या केंद्रावर किती वाढली, कुठल्या तारखेला, फॉर्म कुणी तपासला, हे केंद्रानुसार टाका ना समोर. ५ वाजता ५८.२२ टक्के आणि शेवटी ६६.०५ टक्के, याचंही तसंच. मी मतदान केंद्रावर अधिकारी म्हणून बसलोय, सहा वाजता रांगेत उभ्या असलेल्यांना शेवटून पुढे चिठ्ठ्या वाटायच्या आणि सगळ्यांचं होईपर्यंत बसायचं, त्यामुळे आकडा वाढतो हे मला माहीत आहे. केंद्रावर किती मतं पडली याचा हिशोब असलेल्या १७सी फॉर्मवर केंद्राध्यक्षाची सही होऊन प्रत पोलिंग एजंटला देतात हेही माहीत आहे. मग आयोगाने त्याच १७सी राज्यभरच्या वेबसाइटवर टाकल्या तर शंका राहील कुठे? उलट डिसेंबर २०२४ मध्ये निवडणूक नियमांतला नियम ९३ बदलून केंद्रातलं सीसीटीव्ही चित्रण लोकांना मिळणं बंद केलं, मग २०२५ मध्ये ते ४५ दिवसांनंतर ठेवायची गरज नाही असं कळवलं. बायकांचं चित्रण बाहेर जाऊ नये ही काळजी मला समजते, पण मग कोर्टाच्या ताब्यात द्या. झाकलं की संशय दुप्पट होतो, हे चौथीतल्या पोरालाही कळतं.

आता दुसऱ्या बाजूचं, ज्यावर कुणीच मोर्चा काढत नाही. कापलेली नावं.

२०१८ ची गोष्ट. दिवाळी झालेली, यादीची पुनरीक्षण मोहीम सुरू, मी वस्तीवर गेलो. वीस-बावीस घरं, त्यातल्या पंधरांना कुलूप. पत्र्याचं दार, कडीला छोटं कुलूप, उंबऱ्यापाशी वाळलेलं तोरण. एक म्हातारी आणि चार लेकरं राहिलेली, बाकी सगळे कोयते (तोडणीच्या जोड्या) कर्नाटकात, कोण पश्चिम महाराष्ट्रात, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेले. वरून आदेश होता की दोन-तीनदा जाऊन माणूस सापडला नाही तर स्थलांतरित लिहा. मी म्हातारीला विचारून बहुतेक नावं ठेवली. तीन घरांचं कुणी सांगेना, आलेत की नाही गेल्या वर्षी, तिकडेच राहिलेत म्हणे. मी स्थलांतरित लिहिलं. नोटीस निघाली, नियमाप्रमाणे मीच दाराला चिकटवली, कुलपाच्या वर. वाचणार कोण? पुढे मार्चमध्ये गेलो तेव्हा कागद उन्हाने गळून गेला होता, खळीचा डाग तेवढा राहिला होता.

एप्रिल २०१९ ला लोकसभेचं मतदान. कारखान्याचा पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला, माणसं परत आलेली. त्या तीन घरांपैकी एका घरातली बाई, माझ्या एका विद्यार्थ्याची आई, नवं लुगडं नेसून, हातात कार्ड घेऊन केंद्रावर आली. कार्ड खरं, फोटो तिचा, यादीत नाव नाही. केंद्राध्यक्ष म्हणाले कार्ड असून उपयोग नाही, यादीत नाव पाहिजे. ती माझ्याकडे आली, मी बाहेर चिठ्ठ्यांच्या टेबलावर होतो. "गुरुजी, माझं नाव कुठं गेलं?" एवढंच विचारलं. मी काय सांगू, की मीच लिहिलं तुम्ही इथे राहत नाही म्हणून? मी सांगितलं. खरं सांगितलं. ती म्हणाली, मग आम्ही राहतो कुठं, खोपीत का? आणि गेली.

त्या दिवशी संध्याकाळी जाऊन मी तिन्ही घरांचे फॉर्म ६ भरून आणले, विधानसभेला नावं आली. पण ती लोकसभा गेली ती गेलीच. ही माझी चूक आहे आणि मी ती कुणावर ढकलत नाही. तरीही विचारतो, सहा महिने ऊस तोडायला जाणारा माणूस स्थलांतरित कसा? त्याचं घर गावात, रेशनकार्ड गावात, म्हातारे आईबाप गावात. कायदासुद्धा सांगतो की तात्पुरतं बाहेर गेल्याने माणसाचा सर्वसाधारण निवास संपत नाही, त्याच १९५० च्या कायद्याचं कलम २० वाचा. आणि २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान ठेवलं तेव्हा गाळप हंगाम पाचच दिवसांपूर्वी सुरू झाला होता. कुणी विचार केला का लाखो कोयत्यांचा?

म्हणून मला एसआयआरची, म्हणजे यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाची, भीती वाटते. यादी स्वच्छ व्हावी हे मलाही पाहिजे. पण बिहारमध्ये काय झालं बघा. २४ जून २०२५ ला आदेश, ऐन पावसाळ्यात महिनाभरात ७ कोटी ८९ लाख लोकांचे फॉर्म, आणि १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ६५ लाख नावं कमी. कुणाचं नाव का गेलं हे आयोगाने आपणहून लावलं नाही, १४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेव्हा कारणांसकट याद्या बाहेर आल्या. जे कागद मागितले होते त्या ११ मध्ये आधार नव्हतं, तेही सप्टेंबरमध्ये कोर्टाने घ्यायला लावलं. पुढच्या टप्प्यात आपल्या शेजारचा गोवा, गुजरात, मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र स्थानिक निवडणुकांमुळे राहिला. पण आपला नंबर येणार. आणि आला की जुन्या, २००२-०४ च्या सुमाराच्या यादीत स्वतःचं नाहीतर आईबापाचं नाव दाखवा म्हणतील. आमच्या वस्तीवरच्या बाईने काय करायचं, दुसऱ्या तालुक्यातल्या माहेरची वीस वर्षांपूर्वीची यादी उघडून मेलेल्या बापाचं नाव शोधायचं, तेही ऊस सोडून येऊन?

आता ओळखपत्राचा वाद. टीव्हीवर रोज ऐकतो, एक म्हणतो आधार जोडा म्हणजे बोगस संपेल, दुसरा म्हणतो कागद मागणं म्हणजे गरिबाचं मत मारणं. मला दोन्ही अर्धवट वाटतं. शेषनसाहेबांनी १९९३ पासून फोटोचं ओळखपत्र आणलं, त्याने फायदा झाला, कुणी कुणाच्या नावावर सर्रास मत टाकत होतं ते बरंच कमी झालं. कार्ड नसेल तर आधार, पॅन, लायसन, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटोचं पासबुक अशी बारा कागदपत्रं केंद्रावर चालतात, ही पद्धत मला आवडते, आडाणी माणसाकडेही त्यातलं एखादं असतंच. त्यामुळे केंद्राच्या दारात ओळख दाखवायला आमच्याकडे कुणाची ना नाही. अडचण दारात नाहीच, ती यादीत आहे. २०१९ ला त्या बाईच्या हातात कार्ड होतं की.

आधारचं म्हणाल तर २०२१ च्या कायद्याने जोडणी ऐच्छिक म्हणून आली, त्यासाठी फॉर्म ६बी निघाला. पण आमच्याकडे आधारवर जन्मतारीख १ जानेवारी असलेली कितीतरी माणसं आहेत, कारण आधार काढताना तारीख सांगता आली नाही. नाव आधारवर एक, मतदार यादीत दुसरं, कारण यादीत ऑपरेटरने ऐकलं तसं टाइप केलं. बोटांचे ठसे तर ऊस तोडणाऱ्यांचे, धुणीभांडी करणाऱ्यांचे उमटतच नाहीत, रेशनच्या मशीनवर हेच रडगाणं आहे. तेव्हा जोडणी करायची तर करा, पण न जुळलेला माणूस लगेच संशयित धरू नका. घर नंबर शून्य दिसला की बोगस, असंही मध्ये ऐकलं. अहो वस्तीवर घरांना नंबर कुणी दिलेत?

बोगस मतदान होतच नाही असं मी म्हणत नाही. एका निवडणुकीत मी दुसऱ्या तालुक्यात मतदान अधिकारी होतो, दुपारी एक मध्यमवयीन माणूस आला, त्याच्या नावापुढे आधीच सही झालेली. कार्ड त्याच्याकडे, चेहरा जुळतो. त्याला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे आपल्या नावावर आधीच मत पडलेल्याला देतात ती कागदी मतपत्रिका, दिली, त्याने शिक्का मारला, आम्ही पाकिटात घातली. ते पाकीट मोजणीत उघडत नाहीत, कोर्टाने सांगितलं तरच. तो विचारत होता, साहेब मोजतील ना माझं? सगळ्या पक्षांचे एजंट तिथेच बसलेले होते, दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीला आव्हान देता येतं, सकाळी ज्याने कुणी ते मत टाकलं त्याला कुणीच हटकलं नव्हतं.

यावरून पक्षांकडे येतो. तुम्हाला बीएलए, म्हणजे यादीच्या कामात बीएलओबरोबर राहणारा पक्षाचा माणूस, नेमायचा अधिकार आहे, प्रत्येक केंद्रावर एक. नऊ वर्षांत माझ्याबरोबर वस्तीवर एकही बीएलए आला नाही, कुठल्याच पक्षाचा. निवडणुकीच्या आदल्या रात्री यादी मागायला सगळे यायचे. बिहारच्या प्रकरणात पक्षांचे मिळून दीड लाखावर बीएलए आणि त्यांच्याकडून हरकती दोन, हे ऐकून सुप्रीम कोर्टालाही आश्चर्य वाटलं होतं. मला वाटलं नाही. मेलेल्यांची नावं यादीत राहतात म्हणून ओरडता, पण मयताच्या दहाव्याला तुमच्या पक्षाचा माणूस पहिल्या रांगेत बसलेला असतो, त्याला फॉर्म ७ ची आठवण होत नाही. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते तीच यादीपर्यंत आपोआप यायला पाहिजे, मे २०२५ ला आयोगाने तसं जाहीर केलंय, ते गावापर्यंत कधी पोचतं बघू.

आणि फॉर्म ७ चा उलटा वापरही होतो. कर्नाटकात आळंद मतदारसंघात नावं कमी करायचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले, त्यातले खरे निघाले २४. आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये नवीन नावांचे हजारो खोटे अर्ज आले, तिथल्या कर्मचाऱ्यांनी ओळखून सहा-साडेसहा हजारांवर फेटाळले, पोलिसात गुन्हा नोंदवला. त्या कर्मचाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. पण एवढे अर्ज एकट्यादुकट्याचं काम नव्हे. कुणी भरले, कुठे बसून भरले, पैसे कुणी दिले? आयोगाने आणि पोलिसांनी तपासाचं काय झालं ते स्पष्ट सांगावं. खरी चोरी इथे आहे आणि तुमचं सगळं लक्ष माझ्या लेकीच्या दोन चांदण्यांवर.

बीएलओंबद्दल पण चार शब्द. शिक्षक, अंगणवाडीताई, हेच बीएलओ. वर्षाला सहा हजार मानधन होतं, २०२५ ला बारा हजार केलं, चांगलं झालं. पण एका केंद्राचे हजार-बाराशे मतदार, दिवसा शाळा नाहीतर अंगणवाडी, संध्याकाळी घरोघर, रात्री ॲपवर अपलोड, रेंज नसली की डोंगरावर चढून अपलोड. चुका होणारच. एसआयआरच्या दुसऱ्या टप्प्यात बीएलओंवरचा ताण इतका गेला की सुप्रीम कोर्टाला राज्यांना जादा माणसं द्या म्हणून सांगावं लागलं. आणि दोन्ही पक्षांचे लोक वस्तीवर येऊन दम त्यालाच देतात, हिचं नाव का घातलं, त्याचं का काढलं. तो बिचारा दोन्हीकडून मार खातो.

अजून एक राज्य आयोगाचं. २ डिसेंबर २०२५ ला नगरपालिका, १५ जानेवारी २०२६ ला महापालिका झाल्या. यादी आमची नाही, भारत निवडणूक आयोगाची १ जुलै २०२५ ची यादी आम्ही फक्त प्रभागात फोडतो, असं तुम्ही म्हणता. ते म्हणतात स्थानिक निवडणूक आमची नाही. मग माझ्या लेकीने जायचं कुठे? वरून बोटाला शाई म्हणून मार्कर वापरला, ती पुसली जाते म्हणून दिवसभर व्हिडिओ फिरले. यादीवर आधीच एवढा वाद पेटलेला असताना बाटलीतली शाई घ्यायला काय हरकत होती?

आता मागण्या. जास्त नाहीत.

एक, कुणाचंही नाव कारण लिहून, नोटीस हातात देऊन आणि त्याचं ऐकून घेतल्याशिवाय कमी करू नका. हे नवीन नाही, १९९५ ला लालबाबू हुसेन खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, यादीत असलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करायला लावू नका म्हणून. कुलपाला चिकटवलेली नोटीस ही नोटीस धरू नका. मोबाइल नंबर असेल तर मेसेज, फोन, आणि गावातल्या एका नातेवाइकाची सही.

दोन, कमी केलेल्या आणि वाढवलेल्या नावांची कारणांसकट यादी दर पुनरीक्षणानंतर ग्रामपंचायतीच्या, वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लावा आणि ग्रामसभेत वाचा. आमच्या गावात कोण मेलं, कोण नांदायला गेलं, कोण उसाला गेलं हे सभेत दोन तासात कळतं, कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

तीन, ऊसतोड, वीटभट्टी, बांधकामावरचे मजूर, यांच्या तालुक्यात घरोघर पडताळणी मे-जूनमध्येच करा. एसआयआरसुद्धा. आणि मतदानाची तारीख हंगामात येणार असेल तर कारखान्यांना आधी सांगून माणसं गावी आणायची सोय करा, भरपगारी सुट्टीचा नियम मुकादमाच्या टोळीलाही लावा. तोडणाऱ्याला पगार नसतो, टनावर पैसे मिळतात, एक दिवस गेला तर तो खाडा, हे लक्षात घेऊन करा. साखर आयुक्तालय पुण्यातच आहे, त्यांच्याकडे कारखान्यांची यादी आहे, एक बैठक घ्या.

चार, पत्ता बदलायचा अर्ज मंजूर केला की जुनं नाव त्याच क्षणी कमी झालं पाहिजे. नाही झालं तर दोष कार्यालयाचा धरा, मतदाराला हमीपत्र लिहायला लावून मोकळे होऊ नका.

पाच, शोधता येईल अशी यादी मान्यताप्राप्त पक्षांना तरी द्या, फोटोसारखी पीडीएफ देऊन हाताने शोधा म्हणू नका. पण ती घेणाऱ्या पक्षाने लेखी द्यावं की कुणाचंही नाव बोगस म्हणून ग्रुपवर, पोस्टरवर, भाषणात वापरणार नाही, हरकत असेल तर फॉर्म भरून घेईल. मोडलं तर कारवाई. दोन्ही आयोगांनी हे आचारसंहितेत घालावं.

सहा, पक्षांना. प्रत्येक केंद्रावर बीएलए नेमा आणि त्याला बीएलओबरोबर पाठवा, निवडणूक नसतानाही. नंतर मोर्चा काढा, मीही येतो. आणि कुणाचं आडनाव, कुणाचा धर्म बघून दुबार नावं वाचून दाखवायचं बंद करा. ज्या पक्षाच्या माणसाने माझ्या लेकीचं नाव फिरवलं त्याचं आणि पक्षाचं नाव मी इथे घेत नाही, मला त्या पोराला कोर्टात उभं करायचं नाही, त्याने फक्त त्याच ग्रुपवर एक ओळ लिहावी की चुकलं.

सात, सहा महिन्यांत गाव आणि वॉर्डवार किती तक्रारी आल्या, किती सुटल्या ते दोन्ही आयोगांनी एकत्र जाहीर करावं. यादी तुमची का आमची हे आम्हाला विचारायला लावू नका.

लेकीचं जुन्या ठिकाणचं नाव कमी करण्याचा फॉर्म ७ आम्ही १६ जानेवारीला, निकाल लागत होते तेव्हा, भरून दिलाय. सोबत तिचं नवीन कार्ड, जुनं कार्ड आणि २०२१ च्या अर्जाची पोच जोडली आहे. फॉर्मची पोच माझ्याकडे आहे. त्याचं काय झालं ते कळवावं.

आपला,
एक निवृत्त गुरुजी आणि मतदार